दारू आणि नाडीचे ठोके
(वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी दारूचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु मी पुष्कळ वर्षे परिचारिकेचे काम केले आहे. घरात कोणी पीत असेल तर त्याची झळ प्रथम घरच्या बाईला लागते, हे मी पाहिले आहे. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून मी केवळ नाडीविषयी बोलणार आहे.

मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ते मोजावेत. दारू पोटात गेली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. चेहरा लाल होतो, अंगात ऊब आल्यासारखी वाटते. रक्ताचा दाब मात्र खाली येऊ लागतो, आणि तो सावरण्यासाठी हृदयाला भरभर चालावे लागते. "घेतली की शांत झोप लागते" असे म्हणणाऱ्याचे हृदय झोपेतही धावतच असते. फार प्यायल्यास हा वाढलेला वेग बारा तासांहूनही अधिक टिकू शकतो.

काहींच्या नाडीचा तालही चुकतो. सुट्टीत बेसुमार पिऊन अशी तक्रार घेऊन येणारे रोगी पाहून अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७८ साली तिला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. २०१५ साली जर्मनीत म्युनिकच्या बिअर उत्सवात तीन हजारांवर लोकांचे हृदयालेख काढले, तेव्हा सुमारे चौघांत एकाची नाडी शंभरावर आढळली. ताल असा बिघडलेलाच राहिला तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचे व पक्षाघाताचे भय असते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तरीही नाडी धावू लागते. दारूच्या दाबाखाली राहिलेल्या मज्जातंतूंवरचा तो दाब अचानक उठतो. काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पुढे झटके येतात. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन नाही ते दिसू लागते. यात प्राणही जाऊ शकतो. घरची माणसे मात्र याला बाहेरची बाधा समजतात, किंवा नाटक म्हणून दुर्लक्ष करतात. तेव्हा बायांनो, शपथ घालून वा खोलीत कोंडून अशा माणसाची दारू तोडू नका. दारू सुटलीच पाहिजे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यासाठी औषधे आहेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारखी केंद्रे आहेत.

छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे, झटका येणे किंवा भ्रम होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि तो किती व किती दिवस पितो, शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. घरची अब्रू जाईल म्हणून पुष्कळ जणी नेमके हेच लपवतात, आणि उपचाराला उशीर होतो.

 ज्यांना नाडी मोजायला शिकायचे असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळ यावे.