राहण्याचा हक्क : वळिवड्याचे पोलिश आणि आजचे युक्रेनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले तेव्हा आम्ही बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. पण विषय निवडण्याची मुभा मिळाली, म्हणून आम्ही जरा लांबचा विषय घेतला आहे. युद्धामुळे युक्रेन सोडून युरोपातील दुसऱ्या देशात गेलेल्या माणसांना तेथे राहण्याचा हक्क कोणत्या वाटांनी मिळतो, हा तो विषय. कोणी विचारील, भाईंदरच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य? तर ज्यांचे आजोबा याच गावात जन्मले त्यांनी हात वर करावेत. उत्तन, राई, मुर्धे इकडचे काही हात वर येतील. बाकीचे आपण सारे कोठून तरी आलेलो आहोत, आणि राहण्याचा दाखला मिळवताना कोणाचे किती जोडे झिजले ते ज्याचे त्याला ठाऊक.

तरी आरंभ कोल्हापुरापासून केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बायका आणि मुलेच फार. यांतील पुष्कळजण तेव्हाच्या पूर्व पोलंडचे. तो मुलूख आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया यांत वाटला गेला आहे. म्हणजे आज ज्या मातीतून माणसे निघाली, त्याच मातीतील काही माणसे ऐंशी वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी येऊन राहिली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा त्या भागात शिरल्या. १९४० आणि ४१ साली लाखो माणसांना गाडीत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेण्यात आले. पुढे हिटलरने रशियावर चाल केली, जुलै १९४१ मध्ये लंडनमधील पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, आणि त्यांची सुटका होऊ लागली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. कुटुंबे इराणमार्गे जिकडे आसरा मिळेल तिकडे पांगली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीस पोरक्या मुलांना जागा दिली, ती १९४२ साली, त्यानंतर वळिवडे.

छावणीत शाळा होत्या, देऊळ होते, म्हणजे त्यांचे चर्च, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती. खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे पडे. पाहुणचाराच्या या गोष्टी आपल्याकडे कौतुकाने सांगतात आणि त्या सांगाव्याच. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट १९२४ नव्हे, २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तेथे पुष्पचक्र वाहून आले. पण आम्ही चळवळीतली माणसे. पाहुणचार झाल्यावर पुढे काय, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे.

पुढे असे झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्यांनी पोलंडची पूर्व सरहद्द मागे सरकवली. वळिवड्यातील बाईचे घर जागच्या जागी राहिले आणि देश त्याच्याखालून निघून गेला. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या कागदावर ही माणसे आली होती ते सरकारच कागदावरून पुसले गेले. आता वाटा किती उरल्या? नव्या पोलंडात परत जावे. काही थोडे गेले. ज्यांचा नवरा, बाप, भाऊ ब्रिटिश हुकमतीखाली लढला होता त्यांना १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने ब्रिटनचे दार उघडले. ज्यांचे असे कोणी नव्हते त्यांतील पुष्कळांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत धाडले. म्हणजे एका छावणीतून दुसरीत. हक्क मिळाला तो नात्यावरून. तुम्ही येथे पाच वर्षे राहिलात, मुले येथे वाढली, याची मोजदाद कोठेच झाली नाही.

१९४८ साली वळिवडे रिकामे झाले. आणि मग त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहावयास आले. त्या वस्तीचे नाव आज गांधीनगर. कामगार परिषदेसाठी आम्ही कोल्हापुरास गेलो असता मुद्दाम तेथे जाऊन आलो. कापडाचा घाऊक बाजार असा भरलेला की चालावयास वाट नाही. छप्पर तेच, जमीन तीच. एकांची वस्ती पाच वर्षांत उठली, दुसऱ्यांचे गाव झाले. सिंधी माणूस धंद्यात हुशार, असे कोणी म्हणेल. असेल. पण आमच्या मते खरा फरक एका कलमाने केला. आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने फाळणीनंतर आलेल्यांना नागरिकत्व दिले. स्वतः, आईबाप किंवा आजाआजी यांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असले, आणि तो माणूस १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिला, तर तो नागरिक. त्यानंतर आला असेल तर सहा महिने राहून नोंदणी करावी. उद्या कोणी उठवणार नाही हे कळल्यावर माणूस दुकान टाकतो, भिंत बांधतो, मुलाला पुढच्या इयत्तेत घालतो. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले तेही याच बळावर.

आता युक्रेनकडे येऊ. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने मोठा हल्ला केला आणि ४ मार्च रोजी युरोपीय संघाने २००१ सालचा एक नियम प्रथमच लागू केला. त्याचे नाव तात्पुरते संरक्षण. एकेकाची चौकशी न करता सगळ्यांना राहण्याची, काम करण्याची, मुलांना शाळेत घालण्याची, औषधोपचाराची परवानगी. ४० लाखांवर माणसे याखाली आली; जर्मनी आणि पोलंड यांत सर्वांत जास्त. कोणत्या देशात जावे हे माणसाने ठरवायचे. एक देश सोडून दुसऱ्यात गेला तर नवे कार्ड मिळताच जुने संपते. हे काम चांगले झाले, आणि झपाट्याने झाले, हे कबूल केले पाहिजे. ज्या युरोपने २०१५ साली सीरियाच्या माणसांसाठी हाच नियम कपाटातून काढला नाही त्याला तो २०२२ मध्ये आठ दिवसांत सापडला, हेही नोंदवून ठेवू.

परंतु नावातच तात्पुरते आहे. परवानगी वर्षाची; ती वाढत वाढत जुलै २०२५ च्या निर्णयाने ४ मार्च २०२७ पर्यंत आली. आपल्याकडील अकरा महिन्यांच्या भाडेकराराची ही सख्खी बहीण. युरोपात परक्या माणसाला सलग पाच वर्षे कायदेशीर राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो, पण तात्पुरत्या संरक्षणाची वर्षे त्यात सामान्यतः धरली जात नाहीत. येथे आम्हांला मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार आठवतो. रोज सकाळी कार्ड घेऊन फाटकावर उभे राहायचे, काम इतरांएवढेच करायचे, आणि वर्षे उलटली तरी कायम कोणी म्हणायचे नाही. म्हणून तर २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग नोकरी, हे आमच्या लोकांनी कायद्यात लिहवून घेतले.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये संघाने सदस्यदेशांना सांगितले की या माणसांना वास्तव्याच्या दुसऱ्या परवान्यांकडे वळवा. काहींना नोकरीवरून, काहींना शिक्षणावरून, काहींना नात्यावरून. झेकियाने पाच वर्षांचा खास परवाना काढला, पण त्याला वर्षाला ४,४०,००० क्राउन उत्पन्नाची अट घातली. कारखान्यातला जोडारी कदाचित ती पुरी करील. दोन मुले आणि म्हातारी आई सांभाळून हॉटेलात भांडी घासणारी बाई कशी करणार? तिचा नवरा बहुधा आघाडीवर आहे. वळिवड्यात नाते मोजले, येथे पगार मोजतात. बाईने केलेले काम दोन्हीकडे मोजणीबाहेर.

युद्ध थांबले की परत जातीलच की, असे आम्हांला कोणी म्हणाले. जे जातील त्यांना कोणी अडवू नये, आणि जाण्याची सक्तीही करू नये. पण मारिउपोलच्या माणसाने कोठे परत जावे? त्याच्या घराखालून पुन्हा देश सरकला आहे.

आता स्वतःच्या दाराशी. भाईंदरच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिश मारणारा माणूस उत्तर प्रदेशातून, बिहारातून येतो. तो परदेशी नव्हे; घटनेने त्याला देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. तरी आमच्या कचेरीत एक सभासद येतो, वीस वर्षे एकाच गाळ्यात काम केलेला. घरमालक करार लिहून देत नाही, विजेचे बिल मालकाच्या नावे, आणि मुलाच्या प्रवेशाला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला हवा. राहिला खरा, पुरावा दुसऱ्याच्या खिशात. येथे भूमिपुत्रांची बाजू आम्ही विसरत नाही. आगरी-कोळी बांधवांची मिठागरे आणि खाड्या गेल्या, त्यांचे दुःख खोटे नाही, आणि त्याचा हिशेब जमिनी घेणाऱ्यांकडे मागावयाचा आहे, पॉलिशवाल्याकडे नव्हे.

म्हणून आमच्या युनियनचे म्हणणे असे की कामगाराचे हजेरीपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा हा वास्तव्याचा पुरेसा पुरावा मानावा. घरमालकाच्या सहीवाचून तो मिळतो, आणि वर्ष न वर्ष त्यात तारखा असतात. ज्या गाळ्यात हजेरीपत्रकच ठेवत नाहीत तेथील कामगारांनी सोमवारी संध्याकाळी कचेरीत यावे. अर्ज तयार आहेत.