पिशवीत काय भरावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, बडोदे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय या विषयांवर विद्वानांची भाषणे झाल्यानंतर आमच्यासारख्या नेमबाजीच्या छंदिष्टांनी या व्यासपीठावर उभे राहावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. त्यातून विषय काय, तर रायफलीखाली ठेवावयाच्या पिशवीत काय भरावे! कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी चिटणिसांनी आम्हांस दोनदा विचारले, "विषय हाच ना?" विषय हाच आहे, आणि तो आम्ही का निवडला हे पुढे कळेलच.

नेमबाजीचा आणि या नगरीचा एक जुना ऋणानुबंध आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांचा जन्म १८८८ साली येथे बडोद्यास झाला आणि कर्मभूमी ठरली अहमदाबाद. 'नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे संस्थापक-अध्यक्ष तेच. आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेत उतरून देशभरचे होतकरू नेमबाज वरच्या पायरीवर चढू पाहतात. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाने या विद्येबद्दल चार शब्द बोलावेत, तर त्यास एवढा आधार पुरेसा आहे.

आता पिशवीकडे वळू. स्पर्धेत नेमबाज उभा राहून, गुडघा टेकून अथवा पालथे पडून गोळी झाडतो. त्याच्या रायफलीखाली पिशवी नसते. परंतु रायफलीची किंवा काडतुसांची परीक्षा घ्यावयाची असेल, तर माणसाच्या हाताचा कंप शक्य तेवढा वगळावा लागतो. म्हणून भक्कम मेजावर दोन पिशव्या मांडतात. पुढच्या पिशवीवर रायफलीचा पुढला भाग टेकतो. मागच्या पिशवीस सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे असतात आणि त्यांच्या बेचक्यात दस्ता बसतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीचाच एक स्वतंत्र खेळ संघटित झाला. त्यास 'बेंचरेस्ट' म्हणतात. शंभर किंवा दोनशे यार्डांवर पाच गोळ्या झाडावयाच्या, आणि पाच छिद्रांचा पुंजका ज्याचा सर्वांत लहान तो जिंकला. आपल्याकडे या खेळाचा फारसा प्रसार नाही. पण मेज आणि पिशव्या यांचे काम आपल्याही मैदानावर पडते. नवशिक्याला चाप ओढण्याचे शिक्षण द्यावयाचे असते. दर्शिका जुळवावयाची असते. पॉइंट बावीसच्या काडतुसांची एक खेप एका नळीला मानवते आणि दुसरीला मानवत नाही, तेव्हा योग्य खेप निवडावयाची असते.

ही निवड किती नाजूक, याचा हिशेब साधा आहे. दोन पिशव्यांमधील अंतर अर्धा मीटर धरा आणि लक्ष्य ५० मीटरांवर. म्हणजे शंभर पट. नेम धरल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या अवधीत दस्ता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जरी हलला, तरी लक्ष्यावर दहा मिलिमीटरांचा फरक पडतो. आणि ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यपटावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा १०.४ मिलिमीटर! पिशवीची किंचित चलबिचल एवढे नुकसान करू शकते.

आता आमच्या अपराधाची कथा सांगतो. काही वर्षांपूर्वी येथील मैदानावर शिकविणाऱ्या आम्ही चौघांनी नव्या पिशव्या शिवून घेतल्या आणि वाणसामानातील जुना तांदूळ व थोडा भुसा त्यांत भरला. स्वस्त, हलका आणि स्वच्छ माल म्हणून आम्ही आमचीच पाठ थोपटली. उन्हाळ्यात सारे ठीक चालले. पावसाळ्यात मात्र दहावीत शिकणाऱ्या आपल्याच मंडळातील एका मुलीची छिद्रे उभ्या रेघेत पडू लागली. आम्ही तिला श्वासाचे धडे दिले, चाप सावकाश ओढण्यास सांगितले, शेवटी काडतुसांची खेपही बदलली. निवडचाचणी जवळ आली. आमच्या शब्दावर विसंबून तिने आपली चांगली खेप बाजूस ठेवली, आणि त्या वर्षी ती थोडक्या गुणांनी मागे पडली.

त्यानंतर एके सकाळी ती म्हणाली, "काका, ही पिशवी दर गोळीला खाली बसते." तिने मेजावर एक लाकडी ठोकळा उभा करून दस्त्याच्या उंचीवर पेन्सिलीची रेघ मारली होती. दहा गोळ्यांनंतर दस्ता नखभर खाली गेला होता. दस्ता खाली गेला की नळीचे तोंड वर जाते. मग तो उचलून धरण्यासाठी ती दर वेळी पिशवी मुठीत दाबी, आणि ओला भुसा त्या दाबाला उसळून उत्तर देई. आम्ही पिशवीची शिवण उसवली. आत किडे झाले होते, तांदळाचे पीठ झाले होते आणि भुशाला बुरशीचा वास येत होता. दोष मुलीच्या श्वासात नव्हता, रायफलीत नव्हता आणि काडतुसातही नव्हता. तो आमच्या काटकसरीत होता. पुढच्या वर्षी ती निवडली गेली, हे सांगताना आनंद होतो. पण तिचे गेलेले वर्ष आम्हांस परत देता आले नाही. आजचा विषय तेथूनच जन्मला.

त्या दिवसापासून आम्ही एकच कसोटी मानली: पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत, आणि वैशाखापासून श्रावणापर्यंत, जे बदलत नाही ते भरण चांगले. या कसोटीवर एकेक पदार्थ घासून पाहू.

धान्य, कडधान्य आणि भुसा यांचे एका वाक्यात निराकरण होते: ते ओल धरतात, किडतात आणि उंदरांना निमंत्रण देतात. शिवाय एक लिटर धान्याचे वजन सुमारे पाऊण किलो. एवढ्याने पिशवी जागेवर ठरत नाही. प्लॅस्टिकचे दाणे किडत नाहीत आणि प्रवासास सोयीचे. परंतु लिटरला ते अर्ध्या किलोच्या आसपासच भरतात, गुळगुळीत असल्यामुळे एकमेकांवरून सरकतात आणि दाबले असता किंचित उसळतात. रबराच्या चुऱ्यात तर ही उसळी फारच. शिशाचे छरे लिटरला सहा किलोंहून अधिक भरतात, पण शिसे विषारी आहे. जेथे मुले वावरतात तेथे पिशवीची एक शिवण उसवली तर काय होईल, याचा विचार करून आम्ही तो मोह टाळला.

राहिली वाळू. कोरडी वाळू लिटरला सुमारे दीड किलो भरते. तिचे कोनदार कण एकमेकांत अडकून बसतात, आणि दाबलेली वाळू रबरासारखी उसळत नाही. आमच्या मते सामान्य मैदानास हेच भरण उत्तम. परदेशी नेमबाज याहून जड अशी झिरकॉन वाळूही वापरतात. ती लिटरला अडीच किलोंहून अधिक भरते. झिरकॉन आपल्या केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर सापडते आणि ओतकामाच्या कारखान्यांत वापरली जाते. मात्र जड वाळू हवी म्हणून किनाऱ्यावर जाऊन घमेले भरण्याचे साहस कोणी करू नये. त्या वाळवंटांत मोनाझाइट असते, त्यात थोरियम असते, आणि मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येते.

वाळू कोणती घ्यावी? समुद्राची नको. तिच्यातील मीठ हवेतील ओल ओढते आणि रायफलीच्या पोलादास गंजविते. आम्ही बोडेलीकडील ओरसंग नदीची वाळू घेतो. प्रथम ती पाण्यात कालवून गढूळ पाणी ओतून टाकावे. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे. मग खडे काढण्यासाठी ओलीच चाळावी, वैशाखाच्या उन्हात ताडपत्रीवर पसरून वाळवावी आणि शेवटी लोखंडी कढईत मंद आचेवर परतून गार होऊ द्यावी.

ओली चाळण्यामागे कारण आहे. कोरड्या वाळूची सूक्ष्म धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. येथून जवळच खंभातेस अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने कसे ग्रासले, हे गुजरातेत राहणाऱ्यांस सांगावयास नको. आपण वर्षातून एकदा पिशवी भरणार, त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाशी त्याची तुलना नाही. तथापि नाकाला रुमाल बांधल्याने ती बारीक धूळ अडत नाही, म्हणून ती उडूच देऊ नये हे बरे. भरण्याचे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

पिशवी दुहेरी असावी: आत घट्ट विणीचे मांजरपाट, बाहेर जाड कॅनव्हास किंवा चामडे. आधी कान भरावेत. नरसाळ्याने वाळू घालून काठीने ठासावी. मग पोट भरावे, मधूनमधून पिशवी जमिनीवर आपटून वाळू बसू द्यावी. पिशवी दगडासारखी टणक करू नये, कारण टणक पिशवीवर रायफल उडते. बोटाने दाबली असता किंचित दबावी, एवढी भरावी. अमेरिकेतील स्पर्धा-नियमांतही कोरडे, बारीक भरण आणि बोटाने दबणारी पिशवी अशाच आशयाची अपेक्षा आढळते. आणि दर पावसाळ्यानंतर शिवण उसवून आतले भरण डोळ्यांनी पाहावे. हा शेवटचा नियम आम्ही फार महाग किमतीस शिकलो.

२०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या स्पर्धेतील गुडघ्यावरच्या आसनात नेमबाजाच्या घोट्याखाली एक लहानशी गुंडाळी असते. तिचे माप नियमाने बांधलेले असते, पंचवीस सेंटिमीटर लांबी आणि अठरा सेंटिमीटर व्यास यांपलीकडे ती जाऊ शकत नाही. त्या गुंडाळीत काय भरले आहे, हे टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. पण ती भरणाऱ्याने मात्र ते स्वतःस विचारले पाहिजे.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांतही सतरंज्या घालणारे, हिशेब लिहिणारे, दर पावसाळ्यानंतर ग्रंथालयाची कपाटे उघडून वाळवी पाहणारे कितीतरी हात होऊन गेले. त्यांची नावे व्यासपीठावर क्वचितच उच्चारली गेली. त्यांनी आपले काम चोख केले, म्हणून आज आपण येथे निर्धास्त बसलो आहोत. त्यांना वंदन करून, आणि ज्या मुलीने पेन्सिलीच्या एका रेघेने आमचे डोळे उघडले तिचे आभार मानून, आम्ही आपली रजा घेतो.