कार्डिओ किकबॉक्सिंग : कोणी बाद न होणारा व्यायाम



शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. परंतु त्या तासाला वर्गातील प्रत्येक मुलाचे शरीर खरोखर राबते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खो-खो सुरू झाला की चपळ मुले धावतात. जे मूल अंगाने जड, अशक्त किंवा लाजाळू असते, ते पहिल्या काही क्षणांतच बाद होते आणि उरलेला वेळ कडेला बसून टाळ्या वाजविते. ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो. हा खो-खोचा दोष नव्हे. हार-जीत आली की असे व्हावयाचेच. म्हणून सांघिक खेळांच्या जोडीला, ज्यात कोणीच बाद होत नाही असा एखादा व्यायाम शाळेत असणे अगत्याचे आहे. कार्डिओ किकबॉक्सिंग हा असा एक व्यायाम होय.

नाव परके आहे, म्हणून प्रथम त्याचा अर्थ पाहावा. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदयासंबंधी, आणि किकबॉक्सिंग म्हणजे ठोसे व लाथा ह्यांनी खेळावयाचे द्वंद्व. जपानमध्ये १९६०च्या दशकात ओसामु नोगुची ह्या आयोजकाने कराटे आणि थायलंडातील मुए थाई ह्यांच्या मिश्रणातून ह्या द्वंद्वाला रूप व नाव दिले. इकडे अमेरिकेत १९६८ साली डॉ. केनेथ कूपर ह्यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि हृदय व फुप्फुसे बळकट करण्यासाठी ठरावीक वेळ सलग हालचाल करीत राहण्याची कल्पना सामान्य माणसापर्यंत पोहोचली. पुढे बिली ब्लँक्स ह्या अमेरिकन कराटेपटूने तायक्वांदो आणि बॉक्सिंग ह्यांतील हालचाली संगीताच्या तालावर बसविल्या व त्या प्रकारास ‘ताए बो’ असे नाव दिले. १९९०च्या दशकात त्याच्या चित्रफिती घरोघर गेल्या. अशा रीतीने द्वंद्वातून प्रतिस्पर्धी वगळला गेला आणि व्यायाम तेवढा उरला. ठोसा हवेत मारावयाचा, लाथही हवेतच. सामना करावयाचा तो आपल्याच दमाशी.

ह्या व्यायामात लाभ कसा होतो? लाथ उचलताना मांडी, नितंब व पोट ह्यांचे मोठे स्नायू काम करतात. त्यांना अधिक प्राणवायू लागतो. तो पुरविण्यासाठी हृदयाचे ठोके व श्वास वाढतात. हे काही काळ टिकले आणि दिवसामागून दिवस घडले, म्हणजे तेच काम हृदय कमी श्रमात करू लागते. शिवाय लाथेच्या वेळी शरीर एका पायावर तोलावे लागते, आणि डावे-उजवे क्रमाने लक्षात ठेवावे लागते. त्यामुळे तोल व अवयवांचा मेळ साधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, आणि प्रौढांनी आठवड्यात मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे हालचाल करावी. शाळेतील १५ मिनिटांनी ही भरपाई पूर्ण होत नाही, परंतु तिचा एक भरीव हिस्सा निश्चित पडतो.

शिकण्याचा क्रम सोपा आहे. मात्र तो मोडू नये. प्रथम पवित्रा. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, एक पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल, मुठी हनुवटीजवळ आणि कोपरे बरगड्यांलगत. पहिला आठवडा एवढे व त्याच पवित्र्यात पुढे-मागे सरकणे पुरे. नंतर सरळ ठोसा : आधी पुढच्या हाताचा, मग मागच्या हाताचा. मागच्या हाताचा ठोसा खांद्यातून नव्हे, तर कंबर वळवून निघतो. त्या वेळी मागील पायाची टाच उचलली गेली पाहिजे, नाहीतर पीळ गुडघ्यावर पडतो. प्रत्येक ठोशासरशी श्वास सोडावा. हात साधले म्हणजे पुढची लाथ : आधी गुडघा वर, मग पाय लांब, पुन्हा गुडघा दुमडून पाय खाली. नवख्याची लाथ कमरेखालीच राहावी. बाजूची लाथ व वळती लाथ सर्वांत शेवटी शिकवाव्यात.

ह्या व्यायामातील दुखापती बहुधा दोन चुकांतून होतात. हवेत अडथळा नसल्यामुळे हात किंवा पाय झटक्याने पूर्ण ताणला जातो व कोपर-गुडघ्याला इजा होते. म्हणून शेवटचा थोडा बाक राखून ठेवावा. दुसरी चूक घाईची. ताल जलद झाला की पवित्रा मोडतो. शाळेत हलगी किंवा ढोलकी असल्यास ती या कामी उत्तम, कारण वाजविणारा मुलांकडे पाहून लय धीमी करू शकतो. आरंभी ५ मिनिटे अंग तापविणे आणि अखेरीस सावकाश चालून श्वास जागेवर आणणे, हे दोन्ही टाळू नये. मैदानातील खडे आधी वेचावेत. दोन मुलांमध्ये दोघांचेही हात पसरून मावतील एवढे अंतर असावे, आणि कोणीही कोणाच्या अंगावर ठोसा उगारावयाचा नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा.

श्रम किती व्हावेत? त्याची कसोटी जवळच आहे. व्यायाम चालू असता बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांतच थांबावे लागते, तर श्रम तीव्र. प्रौढांनी नाडीही पाहावी. २२० मधून वय वजा केले म्हणजे नाडीची अंदाजे कमाल मर्यादा मिळते. ५० वर्षांच्या शिक्षकाची ती १७० होते, आणि मध्यम श्रमात त्याची नाडी मिनिटाला साधारण १०९ ते १२९ असावी. रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी किंवा गर्भारपण असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्क्षणी थांबावे.

ह्या व्यायामाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. सर्वांगीण आरोग्यास तो एकटा पुरत नाही. ठोशात हात ढकलतात, ओढत नाहीत. त्यामुळे पाठीच्या स्नायूंना काम कमी पडते. हवेत प्रतिकार नसल्याने ताकदही मर्यादेतच वाढते. ही उणीव जोर-बैठका, रस्सीखेच आणि मल्लखांब ह्यांनी भरून निघते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हवेत ठोसे मारता आले म्हणजे स्वसंरक्षण करता आले, असे मुलींना कदापि सांगू नये. समग्र शिक्षा अभियानातील राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षण प्रशिक्षण हा निराळा विषय आहे व त्याला निराळा प्रशिक्षक लागतो. खोटा विश्वास हा भित्रेपणाहून अधिक घातक ठरतो. मुलींना ह्या व्यायामातून मिळते ते दम, तोल आणि मोकळेपणाने हातपाय हलविण्याची सवय. ते थोडे नव्हे.

शेवटी शिक्षकाविषयी. शिट्टी फुंकून आज्ञा देणारा शिक्षक मुलांना कवायत देऊ शकेल, व्यायामाची गोडी लावू शकणार नाही. दिवसभर वर्गात व उरलेला वेळ नोंदवह्यांत घालविणाऱ्या शिक्षकाच्या शरीरालाही ह्या १५ मिनिटांची तितकीच गरज आहे. त्याने प्रथम घरी महिनाभर पवित्रा व ठोसा साधावा, आणि मग रांगेपुढे नव्हे तर रांगेत उभे राहावे. साडी नेसणाऱ्या शिक्षिकेने लाथांच्या दिवशी सलवार-कमीज घालावी, अथवा हातांचा भाग स्वतः करून लाथांसाठी एखादी मुलगी पुढे उभी करावी. गुरुजींना दम लागतो, बाईंचाही तोल जातो, हे मुलांना दिसले म्हणजे कडेला बसणाऱ्या मुलाची लाज निम्मी सरते. तो उठून रांगेत येतो. त्याला बाद करणारे तेथे कोणी नसते. आणि ज्या दिवशी तो अखेरच्या ठोक्यापर्यंत टिकतो, त्या दिवशी त्या तासाचे सार्थक झाले असे समजावे.