भांड्यांची कोठी : जुन्यातून घडलेल्या, सर्वांनी वापरावयाच्या वस्तू



गोमंतकातील जुन्या देवस्थानांच्या अग्रशाळेत भांड्यांची एखादी अंधारी कोठी हटकून आढळते. तांब्याचे हंडे, भाताची मोठाली तपेली, पराती, कढया, पाणी तापविण्याचे भाण आणि भिंतीला उलट्या टेकविलेल्या घागरी. भांड्यांच्या काठावर देणाऱ्याचे नाव, कुठे सालही, टाकीने कोरलेले. दोनतीनशे पानांची पंगत उठविणारा हंडा एखाद्या कुटुंबाला दहा वर्षांत दोनदा लागावयाचा, लग्नाला नि मुंजीला. एवढ्यासाठी तो विकत घेणे ऐपतदार घरालाही परवडणारे नव्हते आणि ठेवावयास जागा नव्हती ती निराळीच. म्हणून एकाने दिले व सर्वांनी आळीपाळीने नेले. आज पाश्चात्त्य देशांतून ‘वस्तूंचे ग्रंथालय’ या नावाने ज्या संस्था उभ्या राहत आहेत, त्यांचे वर्म या कोठीत केव्हाच सामावलेले होते.

या भांड्यांचा दुसरा विशेष सहसा ध्यानात येत नाही. ती पुष्कळदा जुन्याचीच नवी झालेली असत. फुटक्या घागरी, पिचलेले तांबे, झिजलेली ताम्हने तांबटाकडे ‘मोड’ म्हणून जात आणि मोडीच्या वजनाचे पैसे वळते करून घेऊन नवे भांडे घरी येई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्याला बळकटी व झळाळी आणणारे मठारकाम आजही पाहावयास मिळते. ठोक्याठोक्याने धातू कठीण होतो. तेव्हा मठारलेल्या पृष्ठभागावरील त्या चंद्राकार खुणा केवळ शोभेच्या नव्हेत, त्या भांड्याच्या आयुष्याची तजवीज आहेत. तीच गोष्ट कल्हईची. आंबट पदार्थ तांब्याला लागला की कळकतो आणि पोटात गेल्यास अपाय करतो. म्हणून आतून कथलाचा पातळ लेप द्यावयाचा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तेव्हा साध्या कोळशाच्या भट्टीवर, नवसागराची चिमूट टाकून, कापसाच्या बोळ्याने ते फिरविता येते. लेप झिजला की पुन्हा कल्हई! जी वस्तू अनेकांच्या हाती जावयाची ती मोडणारच, झिजणारच. मात्र ती गावातल्या गावात दुरुस्त होऊ शकली पाहिजे, हे जुन्या कारागिरांनी गृहीतच धरले होते.

टाकाऊ वस्तूपासून अधिक मोलाची वस्तू घडविण्याला इंग्रजीत ‘अपसायकलिंग’ म्हणतात. रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने १९९४ साली हा शब्द वापरल्याची नोंद आहे. जुन्या इमारतीच्या उत्तम विटा फोडून त्यांची खडी करावयाची आणि त्याला पुनर्वापर म्हणावयाचे, याविषयी त्याची तक्रार होती. असे केल्याने वस्तूचे मोल उतरते. ते चढले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. विचार रास्त आहे. पण या शब्दाच्या नावावर हल्ली जे पुष्कळसे खपते, म्हणजे बाटलीला रंग फासून केलेली फुलदाणी किंवा जुन्या तबकड्यांचे भिंतीवरील घड्याळ, त्याने कचरा कपाटात जातो इतकेच. त्या फुलदाणीवाचून कुणाचे अडले होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

याउलट वाकळ पाहावी. कोकणात व गोव्यात वाकळ, देशावर गोधडी, बेळगावकडे कौदी. नावे निराळी, परंतु जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवण्याची रीत एकच. याच कुळातील एक विलक्षण प्रकार गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड भागांतील सिद्दी स्त्रिया शिवतात. हा समाज मूळ आफ्रिकेतील. त्यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरील रानात वसले. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म त्यांच्यात आहेत आणि त्यांच्या बोलीचा पाया कोकणीचा आहे. त्यांच्या वाकळीचे शिवणकाम कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची लहान ‘फुले’ टाचली नाहीत तर ती वाकळ उघडी-नागडी मानतात. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी चिंध्यांच्या पांघरुणालाही प्रतिष्ठेचा अलंकार चढवावा, यातील मर्म निराळे उकलून सांगावयास नको.

मात्र स्वतःच्या वापराची वस्तू आणि उसनी देण्याची वस्तू यांच्या घडणीत फरक असतो. घरच्या वाकळीचा टाका सुटला तर घरचेच माणूस तो घालते. पन्नास घरी फिरणाऱ्या वस्तूचे तसे नसते. तिला मालकीण नाही, म्हणून तिच्या अंगीच काही गुण असावे लागतात. ती मळ सोसणारी हवी, उकळत्या पाण्यात टिकणारी हवी, एकात एक बसणारी हवी. तिची ओळख दुरून पटावी आणि ती कमी भरली तर तत्काळ कळावे. या शेवटच्या गुणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि बहुतेक सामाईक साठे तेथेच बुडतात.

परक्या मुलखातील एक उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. अमेरिकेत मंदीचे दिवस होते. लॉस एंजेलिस येथील एका दुकानदाराच्या लक्षात आले की, आसपासची मुले खेळणी करण्यासाठी त्याच्या दुकानातून किरकोळ वस्तू चोरून नेत आहेत. चौकशीअंती शिक्षेऐवजी निघाली ती खेळणी उसनी देण्याची योजना. १९३५ साली ती एका मोटारीच्या गॅरेजात सुरू झाली. लोकांनी दिलेली जुनी खेळणी दुरुस्त करून मुलांना ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे द्यावयाची, अशी ही पद्धत. नियमाने व नीट परत करणाऱ्या मुलाला पुढे एक खेळणे कायमचे मिळे. परत करण्याची सवय लावण्यासाठी दंडाआधी बक्षीस योजावे, हा त्यातला शहाणपणा.

आता प्रत्यक्ष गरजेकडे यावे. १ जुलै २०२२ पासून भारतात एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, तसेच सजावटीचा थर्मोकोल यांवर बंदी आली. कायदा झाला, पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचे आवार पाहिले तर त्याची आठवण कितपत राहिली हे समजते. केळीचे पान व पत्रावळ यांच्याइतके उत्तम साधन नाही. ती मिळतील तेथे तीच वापरावी. पण दोन वाजता आलेल्या चारशे माणसांना चहा व प्रसाद द्यावयाचा तर पोलादी ताटल्या व पेले हवेत आणि ते कोठीत हवेत.

ताटल्या घेणे सोपे आहे, त्या शंभरच्या शंभर परत येणे कठीण. येथे जुने कापड उपयोगी पडते. फाटक्या जीनच्या जाड कापडाची पिशवी शिवावी, तिच्यात बरोबर पंचवीस ताटल्या मावाव्यात, सव्विसावी बसू नये, चोविसांनी ती ढिली वाटावी. चमच्यांसाठी दहा खणांची गुंडाळी करावी. एक खण रिकामा राहिला की तो आपणहून ओरडतो. मोजदाद वहीत करावयाची नाही असे नव्हे, पण जी मोजदाद वस्तूतच शिवलेली आहे ती रात्री बारा वाजता दमलेल्या माणसालाही करता येते. सर्व पिशव्यांची कड एकाच ठळक रंगाची असावी, म्हणजे शेजारच्या घरच्या पिशवीत तिची भेसळ होणार नाही.

पाडलेल्या घरांचे वासे व दरवाजे यांच्या फळ्यांतून पंगतीचे पाट होतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी थोडे उंच पाटही करावेत; जुन्या पाटांना ही सोय नव्हती. जरीच्या किंवा रेशमी जुन्या साड्यांच्या झालरी व पडदे मखराला थर्मोकोलपेक्षा अधिक शोभतात, आणि ते धुऊन पुढल्या वर्षी पुन्हा देता येतात. करवंटीची डवली तर गावातील कोणीही सुतारकाम जाणणारा दांडा घालून करून देईल.

सावधगिरीच्याही काही गोष्टी सांगणे प्राप्त आहे. रसायनांची निळी पिंपे कितीही घासली तरी त्यांत पिण्याचे पाणी भरू नये. तेलरंगाने रंगविलेली जुनी लाकडे कोरडी घासू नयेत. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि ती धूळ मुलांना फार बाधते. जत्रेचे व निवडणुकीचे फ्लेक्स फलक पावसाच्या आडोशाला, लाकडे झाकावयास किंवा मांडवाखाली अंथरावयास चालतील, अन्नाला मात्र त्यांचा स्पर्श नको. आणि ते जाळू तर कधीच नयेत. त्यातील पीव्हीसीच्या धुरात आम्लवायू व डायॉक्सिन ही विषे असतात.

राहिला सर्वांत अवघड भाग. पूर्वी कोठीतील भांडी ‘सर्वांची’ म्हटली तरी त्या सर्वांत कोण मोडत होते? गावातील कितीतरी घरांनी त्या हंड्यांना हातही लावावयाचा नव्हता. त्यांच्या लग्नातील भात निराळ्या भांड्यांत शिजे, किंवा दूरच्या गावाहून आणलेल्या भांड्यांत. हे विसरून जुन्या कोठीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्या कोठीसाठी साडी कोणाच्याही घरची येणार; फळी कोणाच्या पडलेल्या घराची हे कोणी विचारणार नाही. ज्यांचे कापड चालते त्यांच्या हाती ताट देताना खळखळ होणार असेल, तर हा खटाटोप न केलेला बरा. काही ज्येष्ठ मंडळींना हे रुचणार नाही. देवाच्या नैवेद्याची भांडी निराळी ठेवावीत, त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पंगतीची भांडी मात्र वाडा न विचारता मिळावीत, आणि नोंदवहीत नाव, तारीख, संख्या व अनामत एवढेच रकाने असावेत.

कामाचा क्रम पावसाने ठरवून दिलेला आहे. साड्या व जुने कापड उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावयाचे ते मृग लागण्यापूर्वी, म्हणजे वैशाखाच्या अखेरीपर्यंत. लाकूड कोरडे असतानाच कापावे, पाट ज्येष्ठाआधी व्हावेत. शिवणकामाला आषाढ व श्रावण पुरेत, कारण त्या दिवसांत पाऊस माणसांना घरीच बसवितो. पहिली मागणी येईल ती चवथीला, मखराच्या पडद्यांची.