गाजावाजा न करता येणारी दाढ

मुलाचा पहिला दुधाचा दात पडला, की घरात केवढे कौतुक होते! आमच्या नौपाड्यात कौलारू घरे होती तेव्हा तो दात कौलांवर फेकीत. आता कौले जाऊन इमारती आल्या, कौतुक मात्र तेवढेच आहे. पण त्याच सुमारास, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आगेमागे, तोंडात पार मागे पहिली कायमची दाढ येऊन बसते, आणि तिची दखलही कोणी घेत नाही.

कारण साधे आहे. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, दुधाच्या दाढांमागे मोकळ्या जागेत उगवते. दात पडलाच नाही, मग नवा आला असेल हे आईबापांच्या मनात यावे कसे? ती किडली, तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. आणि ती तर जन्मभर पुरवायची असते!

ओळखायची कशी? समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजीत जावे. पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरावी. पाचावर दुधाचे दात संपतात. सहावी दिसली, तर ती हीच. वर दोन, खाली दोन.

हिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. शिवाय पूर्ण वर यायला तिला काही महिने लागतात, तोवर ब्रश तिच्या डोक्यावरून नुसताच निघून जातो. कीड म्हणजे किडा नव्हे. या शब्दाने आपल्याला उगाच फसवले आहे. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते दात पोखरते. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा कितीदा खाल्ले, हे पाहावे. जेवताना श्रीखंड ओरपणारा मुलगा एक वेळ परवडला, दुपारभर गोळ्या चघळणारा नको.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच हाती घ्यावा आणि गालाच्या बाजूने आडवा आत घालून ही दाढ घासावी. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. आपल्याकडे नेमके तेच चुकवतात. दंतवैद्य या खाचा पातळ लेपाने बुजवतात, त्याला सुई लागत नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून ते काही फार दूर नाही.

दुधाच्या दाढेचीही हयगय नको. ती अकाली काढावी लागली, तर ही मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडवते. बाराव्या वर्षाच्या सुमारास हिच्या मागे आणखी एक कायमची दाढ येते. तीही अशीच, एकही दात न पडता.