भिंतीवरील तक्ता आणि थांबलेले हृदय

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहानिमित्त महापे येथील कारखान्यांच्या प्रतिनिधींसमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार मर्यादित आहे. आजचा विषय मात्र आपल्या कारखान्यांच्या भिंतीवरच टांगलेला आहे.

कारखान्यात विजेच्या धक्क्यावरील उपचारांचा तक्ता स्थानिक भाषेतही लावावा, अशी तरतूद भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये होती. पुढील नियमांतही ती राहिली. जुन्या तक्त्यांवर प्रामुख्याने दोन रीती आढळतात. उताण्या व्यक्तीचे हात डोक्यामागे नेऊन पुन्हा छातीवर दाबण्याची सिल्व्हेस्टर यांची रीत १८५८ ची, तर पालथ्या व्यक्तीच्या पाठीवर दाब देण्याची शेफर यांची १९०३ ची. दोन्हींचा हेतू श्वास सुरू करणे हा होता.

परंतु विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. रक्त पुढे ढकलले जात नाही. अशा वेळी पाठ दाबून उपयोग होत नाही. हा प्रश्न हाती घेणाऱ्यांत कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे त्यांनी ज्यूड व निकरबॉकर या सहकाऱ्यांसह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथून १९६० मध्ये जगापुढे मांडले. त्याच सुमारास पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत अधिक परिणामकारक असल्याचे दाखविले. या दोहोंतून आजचे सीपीआर घडले.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. प्रथम वीजप्रवाह बंद करावा. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर कळवावे आणि छातीच्या मध्यभागी मिनिटास सुमारे १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. रक्तपुरवठा थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूस कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका ठाणे-बेलापूर मार्गावर असेल, तेव्हा रुग्णाचे प्राण शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती असतात.

आमची विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या विद्युत कक्षातील तक्ता पाहावा. तो जुना असल्यास बदलावा. तसेच प्रत्येक पाळीतील किमान दोन कामगारांना प्रशिक्षणास पाठवावे. आमचे डॉक्टर व परिचारिका ते विनामूल्य देतील.