पोरांच्या वहीत मजुरी मांडा



शेतीची पदवी घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा कपाशीवरच्या किडी तोंडपाठ होत्या, पण एकरी खर्च मांडता येत नव्हता. शाळेतही तो कुणी शिकवला नव्हता. आज आपली दहावीची पोरंही तशीच कोरी बाहेर पडतात.

पुणे जिल्ह्यातलं पाबळ आपल्यासारखंच दुष्काळी. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यातून आठवी ते दहावीच्या शाळांत मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय गेला. पोरं गावाची खरी कामं करत शिकली, कामाचा खर्च काढायलाही शिकली.

आपण निंबोळीपासून सुरुवात करू. पावसाच्या तोंडावर कडूलिंबाखाली सडा पडतो, तो आपण तुडवतो. पोरांनी वेचावी, गर काढून सावलीत वाळवावी. पुढं फवारणीच्या वेळी ५ किलो भरड रात्रभर भिजवून, गाळून, पाणी घालून १०० लिटर केलं की ५ टक्के अर्क झाला. मावा-तुडतुड्यांवर चालतो. बोंडात शिरलेल्या अळीवर चालत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं.

आता हिशेब. निंबोळी फुकटची, मग अर्कही फुकट द्या, असं म्हणणारे आपणच निघू! वेचणीचे, भरडणीचे तास वहीत चढलेच पाहिजेत. घरच्या माणसांची मजुरी आपण कधी धरली नाही; मायबहिणींची तर नाहीच. मग कापसाचा भाव कोणत्या आकड्यावर मागणार?

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना भेटू. पहिला पंपभर अर्क आम्ही घेऊ, रोखीनं.